वेरूळनंतर समुद्र

पाठीवर सॅक टाकून भारत बघायला निघालेला माणूस छत्रपती संभाजीनगरला पोचतो तो बहुतेक वेळा प्रवासाच्या मध्यावर. दिल्ली, आग्रा, राजस्थान मागं पडलेलं असतं. हंपी आणि केरळ अजून बाकी असतं. अजिंठा आणि वेरूळ, दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि तेव्हापासून हे शहर कुठल्याही लांबलचक भारतयात्रेतलं ठरलेलं ठाणं झालं. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री उतरलेल्यानं सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा बेत केला तर दोन्ही जमतं. उलटा क्रम धरला तर दोन्ही दिवस वाया जातात. स्टेशन रोडवरच्या लॉजवाल्यांना हे पाठ असतं. नवा गिऱ्हाईक नोंदवहीत नाव लिहीत असतानाच ते वार विचारून घेतात.

संध्याकाळी याच लॉजच्या व्हरांड्यात ही मंडळी बसलेली दिसतात. दोरीवर मोजे वाळत घातलेले, मोबाइल चार्जिंगला लावलेला, मांडीवर वही उघडी, पण लिहिणं थांबलेलं. गेल्या हिवाळ्यात अशा काही जणांशी मी बोलत बसलो होतो. एक फ्रेंच मुलगी तीन महिन्यांपासून फिरत होती. कैलास लेणं बघायचं म्हणून तिनं घरून निघण्याआधी कितीतरी वाचलं होतं. डोंगर वरून खाली खोदत नेऊन मंदिर मोकळं केलंय, हे तिला माहीत होतं. आणि प्रत्यक्षात सोळा नंबरच्या लेण्यापुढं उभी राहिल्यावर तिला काहीच वाटलं नाही. ती पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि कधी एकदा खोलीवर जाऊन पडते असं तिला झालं. याचं तिला फार वाईट वाटत होतं. ‘मला आता काही दिसतच नाही,’ असं ती दोनदा म्हणाली. तिथून ती गोकर्णला निघाली होती. गोकर्णला काय बघणार, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, काहीच नाही.

मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांचं पुढचं ठिकाण असंच होतं. कुणी गोव्यात आगोंद, पाळोळे, हरमल म्हणत होतं, कुणी गोकर्णचे कुडले आणि ओम. वेरूळनंतर समुद्र, आणि समुद्रावर आठ-पंधरा दिवस नुसतं राहणं. आपल्याकडं याला चैन म्हणायची पद्धत आहे. एवढे पैसे खर्चून आलात आणि वाळूवर लोळत काय पडलात, असा आपला सूर असतो. मला हे पटत नाही. लांबच्या प्रवासात असा थांबा लागतोच, आणि तो आपल्या मुलांनाही मिळायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

थांबण्याचं महत्त्व कळायला अजिंठ्यासारखी दुसरी जागा नाही. ती लेणी खोदली गेली चालणाऱ्या माणसांसाठी. भिक्खूनं एका गावात रमू नये, फिरत राहावं, असा दंडक. पण पावसाळ्यात वाटा बुडतात, उगवतं पीक आणि किडामुंगी पायाखाली तुडवली जाते, म्हणून आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचं, तो वर्षावास. विहार हे त्या मुक्कामाचं घर. बारा नंबरच्या लेण्यात गेलात तर भिंतीतल्या खोल्यांमध्ये दगडाचे ओटे दिसतात, एका खोलीत दोन. उशाच्या बाजूला दगड थोडा उंच ठेवलेला आहे. चैत्य बघायला, चित्रं बघायला गर्दी होते. या ओट्यांपाशी कुणी थांबत नाही. मला मात्र त्या लेण्यातली तीच जागा सगळ्यात जिवंत वाटते. कुणीतरी शेकडो कोस चालून आलेलं माणूस तिथं पाठ टेकून पडलं होतं, बाहेर वाघूर दुथडी भरून वाहत होती, आणि तीन महिने कुठं जायचं नव्हतं.

पुढं आपल्या परंपरेनंही हेच केलं. पैठणहून नाथांची पालखी निघते तिचे विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात. नर्मदेच्या परिक्रमेला गेलेला माणूस चातुर्मासात एका गावात बसतो. कितीही ओढ असली तरी पाऊल पुढं टाकत नाही. चालणाऱ्यानं कुठं थांबायचं हे चालायच्या आधी ठरवणारे आपले लोक. सुट्टीच्या बाबतीत मात्र आपण हे सारं विसरून गेलो.

आणि समुद्र? तोही अजिंठ्यात आहे. दोन नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर पूर्णाची कथा रंगवली आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढं भिक्खू झालेला. त्याच्या भावाचं जहाज वादळात सापडतं, तेव्हा तो धावून जातो. त्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत आणि आत रांजण भरलेले आहेत. सतरा नंबरच्या लेण्यात सिंहलाची समुद्रयात्रा आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या या कोरड्या बाजूला, चित्रकारांनी जहाज काढलं, कारण त्यांच्या जगात समुद्र लांब नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवहीत भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर, म्हणजे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तिथला माल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून बंदरावर येई. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाटानं खाली कल्याण-सोपाऱ्याला. त्या घाटात सातवाहनांचा लेख आहे. मराठवाड्याचा माणूस तेव्हा समुद्राकडं जात होता, घाट उतरत होता, आणि जाताना रात्रींचा हिशेब करत होता.

आता परदेशी सॅकवाल्यांचा समुद्र. १९६० च्या दशकात आणि नंतर युरोपातली तरुण मुलं इस्तंबूलहून तेहरान, हेरात, काबूल, पेशावर करत बसनं, ट्रकनं दिल्लीला येत आणि तिथून काही काठमांडूला, काही गोव्याला वळत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती जमिनीवरची वाट बंद पडली. गोवा राहिला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती संपूर्ण वाट खुली झाली १९९८ च्या जानेवारीत. मुंबईहून पणजीला स्टीमर जायची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं कोकणातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून येतात. डेकवर चटई अंथरून चाकरमानी आणि त्यांच्याच शेजारी झोळीवाले परदेशी. हणजुण्याला जे काही पुढं झालं, मादक पदार्थ, रात्री-रात्रीचं संगीत, त्याबद्दल आपल्याकडं भरपूर लिहिलं गेलंय. त्यामागं एक साधी गोष्ट होती ती मात्र निसटली. महिनोनमहिने रस्त्यावर असलेल्या माणसांना एक गाव हवं होतं जिथं सकाळी उठून सॅक भरावी लागणार नाही.

आपल्या सहली कशा असतात? इथून रात्री ट्रॅव्हल्सनं किंवा गाडी करून निघायचं. पहाटे पुणे, मग ताम्हिणी किंवा वरंधा उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, जमलं तर मालवण, आणि परतताना कोल्हापूरला अंबाबाई. साडेतीन दिवसांत सहा ‘पॉइंट’. गाडीत मागं आजी असते, मधे मुलं उलट्या करतात, पुढं बसलेला जावई घड्याळ बघतो. मी या सहलींना नावं ठेवत नाही. शिक्षकाला, बँकेतल्या माणसाला, वाळूजच्या कारखान्यातल्या कामगाराला रजा मोजून मिळते. त्यात सगळ्यांना सगळं दाखवायचं असतं. त्यामागं प्रेमच असतं. पण या घाईत समुद्र बघायला मिळतो तो अर्धा तास, तोही फोटो काढण्यात जातो. सहाशे किलोमीटर जाऊन अर्धा तास, याचं मला मनापासून दुःख वाटतं.

दुःख वाटण्याचं आणखी एक कारण आहे. हे शहर पाण्यासाठी तरसलेलं शहर आहे. जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं, नाथसागर इथून तासाभराच्या वाटेवर पसरलेला आहे, आणि तरी नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या अंतरानं. ज्या घरातली मुलं पाण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवतात, ज्यांना ड्रम, टाकी, मोटार हे शब्द लहानपणापासून माहीत आहेत, त्या मुलांना समुद्रापुढं निवांत बसायला मिळावं असं वाटणं यात चूक काय? वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावातून तीन हजार मिलिमीटर पावसाच्या किनाऱ्यावर जाणं म्हणजे आपल्याच राज्यात दुसऱ्या देशात जाणं आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र इथली काही मुलं वेगळ्या पद्धतीनं फिरू लागली आहेत. किल्ले चढून सवय झालेली, एकेकटी किंवा दोघं-तिघं मिळून, स्लीपर क्लासनं, एसटीनं, मिळेल त्या वाहनानं महिना-दीड महिना फिरणारी. त्यांच्यापैकी एकाशी माझी ओळख एका मित्रामुळं झाली. वाळूजला नोकरी करत होता, ती सोडली, दुसरी धरायच्या आधी देश बघून घ्यायचा असं ठरवलं. कन्याकुमारीपासून सुरुवात करून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर यायचं, असा त्याचा बेत. केरळ झालं, मंगळूर, उडुपी झालं. उडुपीत त्याला ताप आला. अंगात ताप नव्हता तेव्हाही काही खावंसं, बघावंसं वाटेना. आईला फोनवर कळलं, ती म्हणाली परत ये. तो परत येणार नव्हता, पण पुढंही जाववत नव्हतं. मडगाव मागं टाकून तो सावंतवाडी रोड स्टेशनला उतरला आणि एसटीनं शिरोड्याला गेला, कारण कुणीतरी सांगितलं होतं, तिथं गर्दी नसते.

शिरोडा हे वेंगुर्ले तालुक्यातलं गोव्याच्या हद्दीजवळचं गाव. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला; मिठागरं अजून आहेत. पावसाळ्यानंतर खाजणात पाणी घेऊन वाफे भरतात आणि उन्हाळ्याकडं त्यात पांढरे ढीग दिसू लागतात. सांगलीचे वि. स. खांडेकर १९२० मध्ये इथल्या शाळेत शिकवायला आले आणि १९३८ पर्यंत राहिले. जयवंत दळवींचं आरवली शेजारीच. किनाऱ्याला वेळागर म्हणतात. लांबच लांब, सरळ, मागं सुरूचं बन. त्या बनात दुपारी झोपता येतं. तिथं एका पंचतारांकित हॉटेलासाठी घेतलेल्या जमिनीवरून गावकऱ्यांचा झगडा तीन दशकं चालला आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांपर्यंत पर्यटन आलं ते माडीवरच्या एका-दोन खोल्या भाड्यानं देण्याच्या रूपानं. माझ्या मते तेच बरं झालं.

हा तरुण ज्या घरात राहिला त्या घरी मी पुढं स्वतः जाऊन राहिलो. घरच्या काकूंनी त्याच्याबद्दल सांगितलं. तो दारात आला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘खंयसून इलास?’ त्यानं संभाजीनगर सांगितलं. ‘ता खंय आसा?’ त्यानं अजिंठा-वेरूळचं नाव घेतलं, मग काकूंना कळलं. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. त्यानं लगेच विचारलं, काकू, इथं बघायला काय काय आहे? काकू म्हणाल्या, ‘आज खंय जाव नको. जेव आणि झोप.’

तो दोन दिवस झोपला. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दुपारी भात, बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, सोलकढी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो ती मागून घेऊ लागला. चौथ्या दिवशी त्याला समुद्राचा आवाज ऐकू येईनासा झाला, असं तो मला म्हणाला. म्हणजे इतकी सवय झाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला घराच्या मागचा माणूस दिसला, जो रोज त्याच वेळी दोरी वळत बसलेला असायचा.

त्या माणसामुळं तो रापणीवर गेला. रापण ही सिंधुदुर्गातली किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धा गोल करून ते पाण्यात सोडते आणि दुसऱ्या बाजूनं किनाऱ्याला येते. जाळ्याची दोन टोकं दोन जाड दोरांना बांधलेली असतात. प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं लागतात आणि पाठीमागं सरकत सरकत ओढत जातात. शेवटचा माणूस मागं पोचला की दोर सोडतो, पळत पुढं पाण्याजवळ येतो आणि पुन्हा धरतो. दोर ओला, वाळूनं खरबरीत; पहिल्या दिवशी तळहात सोलतात. हे तास-दीड तास चालतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या जवळ सरकू लागतात, वर घारी आणि कुरव गोळा होतात, जाळ्याची मधली खोळ उथळ पाण्यात येते आणि पाणी चमकायला लागतं. बांगडे, तारले, पेडवे. एखाद्या दिवशी खोळ भरते, एखाद्या दिवशी पाटीभरही निघत नाही. मी गेलो त्या सकाळी फार काही नव्हतं. वाळूवर मासळीचे ढीग घातले गेले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. एक म्हातारी उशिरा येऊन दोराला नुसता हात लावून उभी राहिली होती. तिलाही तिचं मिळालं. हा तरुण पहिल्या दिवशी बाजूला उभा राहिला होता. रापणीचा म्होरक्या त्याच्यापाशी आला, त्याच्या हातात पाच-सहा बांगडे दिले आणि म्हणाला, ‘घे, तुझो वाटो.’ त्या दिवशी त्यानं काकूंना पहिल्यांदा मासे साफ कसे करतात ते विचारलं.

रापण आता कमी होत चालली आहे. यांत्रिक बोटी पर्ससीन जाळ्यानं थव्याचे थवे उचलतात, रात्री दिव्यांच्या झोतात मासेमारी होते आणि किनाऱ्यापर्यंत मासा पोचत नाही. राज्य सरकारनं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. ज्या गावात रापण टिकून आहे तिथं जाऊन एका सकाळी दोर ओढणं हे मला कुठल्याही स्कूबा डायव्हिंगपेक्षा मोलाचं वाटतं. पण त्यासाठी तिथं असावं लागतं. होडी कधी निघणार हे आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, आणि दुपारी बाराला चेक-आउट करायचं असेल तर ती आपल्यासाठी थांबत नाही.

आरवलीचा वेतोबा शिरोड्याहून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावच्या राखणीला फिरतो, त्यामुळं चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजलेल्या चपला तिथं दाखवतात. मी गेलो तेव्हा एक मुंबईकर कुटुंब नवा जोड घेऊन आलं होतं. फिरणाऱ्या देवाला पायताण नेऊन देणारं गाव मला फार आवडलं. त्या तरुणानंही आपल्या बुटांचा तळ उसवला होता तो आरवलीतूनच शिवून घेतला.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या प्रत्येक आईबापानं ऐकायला हवी. मराठवाड्यातली मुलं पोहायला शिकतात विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत सूर मारणारा पोरगा समुद्राला भीत नाही, आणि तिथंच घात होतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी किनाऱ्यावर येतं आणि वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरानं परत जातं. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडं तोंड करून हातपाय मारत राहतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी ओढीशी झगडायचं नसतं. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं आणि मग लाटेबरोबर यायचं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलं-मुली बुडाली. धडधाकट, तरणीताठी मुलं. एका दिवसाची सहल होती.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला भरती-ओहोटीचं गणित पाठ असतं. काकूंच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होतं आणि त्यांनी मला ते असं शिकवलं: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण, पुन्हा तितक्याच वेळानं भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. घड्याळात थोडा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. हा हिशेब वाचून कळतो, पण अंगवळणी पडायला तीन-चार दिवस त्याच किनाऱ्यावर उभं राहावं लागतं. काल इथं कोरडी वाळू होती आणि आज कमरेइतकं पाणी आहे, हे स्वतःच्या पायांनी समजल्याशिवाय भीती आणि आदर दोन्ही येत नाहीत. अर्ध्या तासासाठी गाडीतून उतरणाऱ्याला ते समजायचा मार्गच नाही. म्हणून मी म्हणतो की लांब मुक्काम हा सुरक्षित मुक्काम असतो. त्या तरुणाला पोहायला येत होतं, पण पहिले तीन दिवस काकूंनी त्याला गुडघ्यापुढं जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी रापणीवरच्या एका मुलानं त्याला कुठं उतरायचं आणि कुठं नाही ते हाताला धरून दाखवलं.

किनाऱ्यावर अशी थांबायची ठिकाणं आणखीही आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वेळास आहे, नाना फडणवीसांचं गाव. तिथं फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, आणि गावकरी घरातच पाहुण्यांची सोय करतात. ही कासवंही लांबच्या वाटेची. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला वर आलेली सापडली. म्हणजे सबंध द्वीपकल्पाला वळसा. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा जेट्यांवरून गाडीसकट खाडी ओलांडता येते, त्यामुळं किनाऱ्या-किनाऱ्यानं हळूहळू खाली सरकणंही आता सोपं झालं आहे. माझा आग्रह एवढाच, की या यादीतलं एकच गाव निवडावं.

शिरोडा सोडल्यावर तो तरुण रेडीवरून चालत तेरेखोलला गेला. तिथला किल्ला नदीच्या अलीकडच्या काठावर, पण हद्द गोव्याची. फेरीबोटीनं केरी. केरीला दोन दिवस, मग पेडण्याहून गाडी पकडून रत्नागिरी, आणि तिथून कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर करत घरी. शेवटच्या टप्प्यात त्यानं जे बघितलं त्याबद्दल तो अजून भरभरून बोलतो. कोल्हापूरच्या खिद्रापूरचा कोपेश्वर त्यानं दिवसभर बसून बघितला, खांबांवरची नक्षी वहीत उतरवली. हेच मन उडुपीत काही घ्यायला तयार नव्हतं. मधे काय झालं? आठवडाभर पेज, झोप, सुरूची सावली आणि दोराचं ओढणं. आईला पटायला वेळ लागला. नोकरी सोडून गावोगाव भटकणं आणि वर आठवडाभर दुसऱ्याच्या घरी झोपणं, असं ती शेजारणींना सांगत होती. मग तो तिला घेऊन शिरोड्याला गेला. ती आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय बुडवून उभी राहिली. काकूंनी तिला विचारलं, तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतं? आणि तिथून त्या दोघींचं जे बोलणं सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत चाललं.

जाणार असाल तर दिवाळीनंतरचा काळ चांगला. पावसाचं गढूळ पाणी निवळलेलं असतं, उकाडा सुरू झालेला नसतो, मासळी बरी मिळते. नाताळ ते नव्या वर्षाचा आठवडा टाळावा, भाडी वाढतात आणि किनाऱ्यावर गाड्या उतरवणारे येतात. होळीनंतर ऊन चढतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि तेव्हा समुद्रात उतरायचंच नसतं. पुण्याहून सावंतवाडीला जाणारी रात्रीची एसटी किंवा ट्रॅव्हल्स धरली की आंबोलीचा घाट पहाटे उतरतो. घरातली खोली महिनाभर आधी फोन करून सांगून ठेवावी. काकूंकडं एका रात्रीसाठी खोली मिळत नाही, तीन रात्री तरी राहावं लागतं. का, म्हणून मी विचारलं होतं. त्या अंगणात चादरी पिळत होत्या. म्हणाल्या, ‘एका रातीक चादरी कोण धुयत रवतलो?’